आज्जी विसरायलीय, स्कॅन काढू काय? बेळगावकडचे लोक विचारतात ते प्रश्न

मी एमआरआयचा टेक्निशियन. बेळगावात मशीनवर बसून पंधरा वर्षं होत आली. डॉक्टर नाही, रिपोर्ट मी लिहीत नाही, पण आत आज्जीला झोपवायच्या आधीच बाहेरून तिचा मुलगा डोकं घालून विचारतो, साहेब, काय दिसायलंय काय? आणि मला नियमानं सांगता येत नाही. मग तेच लोक खडेबाजारात भेटतात, लग्नात भेटतात, रात्री व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो पाठवतात. मेंदूच्या स्कॅनचं आणि म्हातारपणातल्या विसरण्याचं जे संशोधन होतं ते वाचायची मला खोड आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. कुणाचं निदान इथं करणार नाही, ते आधीच सांगतो.

आज्जी विसरायलीय. एमआरआय काढला की कळेल काय डिमेन्शिया आहे की नाही?

नुसत्या एमआरआयवर नाही कळत. स्कॅनमध्ये मेंदू दिसतो, विसरणं दिसत नाही. डिमेन्शिया म्हणजे रोजचं जगणं अडायला लागणं, पैशाचा हिशोब, गॅस बंद करणं, घरी परत येणं, आणि हे फोटोत येत नाही, हे सांगायला घरचं माणूसच लागतं. डॉक्टर आधी तुमच्याशी बोलतील, आज्जीशी बोलतील, थोडे प्रश्न विचारून चाचणी घेतील, रक्त तपासतील, बी-१२ आणि थायरॉइड तर हमखास, आणि स्कॅन हा त्यातला एक तुकडा असतो. लोकांना तोच तुकडा सगळ्यात खरा वाटतो कारण तो महाग असतो आणि मोठ्या पिशवीतून येतो.

मग डॉक्टर स्कॅन सांगतातच कशाला?

पहिलं कारण म्हणजे दुसरं काही नाही ना ते बघायला, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण. डोक्यात गाठ असू शकते, आधी कधीतरी लक्षात न आलेला छोटा स्ट्रोक होऊन गेलेला असू शकतो, आणि कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्त साठलेलं असू शकतं. हे रक्ताचं जरा नीट सांगतो. खानापूरकडचे एक आज्जा आले होते, महिनाभरात एकदम बदलले, मुलांची नावं चुकायला लागली, दिवसभर झोप. घरचे म्हणाले वय झालं. मी सवयीनं विचारलं कुठं पडलेत काय, तर सगळे नाही म्हणाले, आणि बारका नातू म्हणाला, "गोठ्यात घसरले होते की, पण काय लागलं नव्हतं." म्हाताऱ्या माणसाचा मेंदू थोडा आकसलेला असतो, त्यामुळं वरच्या बारक्या शिरा ताणलेल्या असतात, किरकोळ ठोक्यानं पण त्यातनं रक्त झिरपतं आणि आठवड्या-आठवड्यांनी मेंदूवर दाब येतो. स्कॅनमध्ये ते चंद्रकोरीसारखं दिसतं. हे ऑपरेशननं काढता येतं आणि माणूस बऱ्याचदा परत ताळ्यावर येतो. आज्जांचं तसंच झालं.

दुसरी अशी गोष्ट म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगणं. चाल बदलते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे घासत टाकतात, लघवीवर ताबा राहत नाही, आणि विसरणं. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर "वय झालं" म्हणून गप्प बसू नका, काही जणांना नळी बसवून फरक पडतो.

रिपोर्टात "एज रिलेटेड सेरेब्रल ॲट्रोफी" लिहिलंय. आमच्या घरात सगळे रडायलेत.

रडू नका. सत्तरीच्या माणसाच्या रिपोर्टात हे वाक्य नसलं तर मलाच नवल वाटतंय. ॲट्रोफी म्हणजे आकसणं, आणि एज रिलेटेड म्हणजे वयाच्या मानानं जेवढं व्हावं तेवढं. हाताची कातडी सुरकुतते तसंच आहे ते. लक्ष द्यायचं ते कुठं आकसलंय आणि किती वेगानं, याच्याकडं.

अल्झायमर म्हणजे डिमेन्शियाचाच सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, त्यात सुरुवातीला जास्त मार बसतो तो मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला. कानाच्या रेषेत आत, दोन्ही बाजूला एकेक असतो, नाव समुद्रघोड्यावरनं पडलंय पण आमच्याकडच्या माणसाला सांगायचं तर मोठ्या काजूसारखा बाक. नवीन आठवण पक्की करायचं काम त्याचं. म्हणून तर आज्जीला लग्नातल्या जेवणाचा बेत आठवतो आणि सकाळचा चहा आठवत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा असं आलं, की धडधाकट म्हाताऱ्या माणसांत हा भाग वर्षाला दीडेक टक्का कमी होतो आणि अल्झायमर असलेल्यांत साडेचार टक्क्यांच्या आसपास. पण ही सरासरी आहे बघा. एका माणसाच्या एकाच फोटोवरनं वेग कळत नाही, बसचा एकच फोटो काढून ती किती जोरात पळायलीय ते कसं सांगणार?

रेडिओलॉजिस्ट डोळ्यानं बघून याला शून्य ते चार असे गुण देतात. रिपोर्टात "शेल्टन्स" किंवा "एमटीए ग्रेड" दिसलं तर ते हे. पंचाहत्तरीच्या पुढं थोडे गुण नॉर्मल माणसालाही मिळतात.

सिटी, एमआरआय, पेट, यात फरक काय? महागातलं काढलं तर चांगलं काय?

महाग म्हणजे चांगलं असं नाही. सिटी म्हणजे एक्स-रेचाच मोठा भाऊ, पाच मिनिटांत होतो, रक्तस्राव आणि गाठ बघायला पुरतो. डोक्याच्या सिटीत किरणांचा डोस साधारण २ मिलीसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातनं आपल्याला वर्षभरात मिळतो साधारण तेवढाच. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओ लहरी असतात, एक्स-रे नसतोच, वेळ वीस मिनिटं ते पाऊण तास, आणि हिप्पोकॅम्पससारखं बारीक काम यात नीट दिसतं. दोन्ही मेंदूचा आकार दाखवतात.

पेट वेगळं. त्यात मेंदू काय करतोय ते दिसतं. शिरेतनं किरणोत्सारी खूण लावलेली साखर देतात. मेंदू वजनानं शरीराचा २ टक्के, पण शरीराची पाचवा हिस्सा ऊर्जा एकटा खातो, त्यामुळं जिथं पेशी काम करतात तिथं साखर जास्त जाते आणि उजळ दिसतं. अल्झायमरमध्ये मागचा आणि कानामागचा वरचा भाग मंद दिसतो. ज्या डिमेन्शियात आधी स्वभाव बदलतो, माणूस तोंडाला येईल ते बोलायला लागतो, त्यात कपाळामागचा भाग मंद असतो. डॉक्टरांना कुठला डिमेन्शिया हे ठरवताना गोंधळ असेल तेव्हा याचा उपयोग, सगळ्यांना नाही.

ते अमायलॉइड म्हणजे काय? जिवंतपणी दिसतं काय ते?

आता दिसतं, आणि ही या सगळ्या संशोधनातली सगळ्यात मोठी उडी आहे. आलोइस अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९०१ मध्ये फ्रँकफर्टमध्ये ५१ वर्षांची एक बाई तपासली, ऑगस्टं डेटर तिचं नाव, स्वतःचं नाव लिहिताना मध्येच अडकायची. ती वारल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यानं १९०६ मध्ये जाहीर केलं की पेशींच्या बाहेर गुठळ्या आहेत आणि पेशींच्या आत गुंते. गुठळ्या म्हणजे अमायलॉइड, गुंते म्हणजे टाऊ नावाचं प्रथिन. पुढं जवळजवळ शंभर वर्षं हे बघायचं तर माणूस मरावाच लागायचा. म्हणजे निदानाला पक्का शिक्का बसायचा स्मशानात जायच्या वेळी. मग अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या शास्त्रज्ञांनी असं एक द्रव्य बनवलं जे रक्तातनं मेंदूत जाऊन अमायलॉइडला चिकटतं आणि पेटमध्ये दिसतं, असल्या द्रव्याला ट्रेसर म्हणतात, आणि त्याचे माणसातले पहिले निकाल २००४ मध्ये छापून आले. अमेरिकेत अमायलॉइड बघायच्या पहिल्या ट्रेसरला २०१२ मध्ये मान्यता मिळाली, टाऊ बघायच्या ट्रेसरला २०२० मध्ये.

त्यातनं जे कळलं ते जरा थंड पाणी ओतणारं आहे. अमायलॉइड साठायला लागतं ते विसरणं सुरू व्हायच्या पंधरा-वीस वर्षं आधीच. आज्जीचं लक्षात यायला लागलं पंचाहत्तरीला, म्हणजे सुरुवात बहुतेक पंचावन्न-साठला झालेली असणार, नातवंडांची शाळा सांभाळत होती तेव्हा.

म्हणजे अमायलॉइड दिसलं की डिमेन्शिया होणारच?

नाही. आणि हे ज्याला कळलं त्याला या विषयातलं अर्धं कळलं. ज्यांना काहीही त्रास नाही, सगळं लख्ख आठवतं, अशा म्हाताऱ्या माणसांत सुद्धा पाचात एक ते तिनात एक जणाच्या मेंदूत अमायलॉइड सापडतं, वय वाढेल तसं जास्त. अमेरिकेत ६७८ ख्रिस्ती नन बायकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, त्यांनी मरणानंतर मेंदू द्यायचं कबूल केलं होतं. त्यात अशा निघाल्या की ज्या शेवटपर्यंत चाचण्यांत हुशार होत्या आणि मेंदू उघडला तर गुठळ्यांनी भरलेला. विसरण्याशी टाऊच्या गुंत्यांचं नातं अमायलॉइडपेक्षा जवळचं असतंय, असं पेटनं पण दाखवलं. म्हणून ज्याला काही त्रास नाही त्यानं हौसेनं अमायलॉइड स्कॅन करून घेऊ नये असं बहुतेक तज्ज्ञ सांगतात. करून काय करणार? रात्रीची झोप तेवढी जायची.

पेटचं ते औषध बेंगळूरहून गाडीनं मागवता येत नाही काय?

हा प्रश्न एका काजू व्यापाऱ्यानं विचारला होता, आणि व्यापाऱ्यासारखाच बरोबर विचारला होता. ट्रेसर हा बर्फाच्या पेटीत ठेवता येणारा माल नाही, तो आपोआप विझत जातो. फ्लोरिन-१८ लावलेला ट्रेसर दर ११० मिनिटांनी अर्धा होतो. बेंगळूर इथनं ५०० किलोमीटर, गाडीला नऊ तास धरा, तर पोचेपर्यंत साधारण तिसावा हिस्सा उरतो. पिट्सबर्गवाल्यांनी पहिल्यांदा वापरलं त्यात तर कार्बन-११ होता, तो २० मिनिटांत अर्धा, तो बनवायचं सायक्लोट्रॉन मशीन बाजूच्या खोलीतच लागतं. म्हणून असले स्कॅन मोठ्या शहरांतच जास्त होतात. डॉक्टरांनी खरंच सांगितलं असेल तर एक दिवस काढून जा, नसेल सांगितलं तर जाऊ नका.

पांढरे ठिपके आलेत. "स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फझेकास ग्रेड २." हे काय नवीन?

हे माझ्या मशीनवर मी रोज बघतो आणि याच्याबद्दलच लोक सगळ्यात कमी काळजी करतात, उलटं व्हायला पाहिजे. मेंदूच्या आतल्या बारक्या रक्तवाहिन्या बीपी, शुगर आणि तंबाखूनं कडक होतात, पलीकडं रक्त नीट पोचत नाही, आणि एमआरआयच्या एका प्रकारच्या फोटोत ती जागा पांढरी दिसते. फझेकास हा त्याचा गुण, शून्य ते तीन. एखाद-दुसरा ठिपका वयानं येतोच. तीन म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळून ढग झालेत. अशी माणसं बऱ्याचदा विसरत नाहीत एवढी, पण हळू होतात, बोलायला हळू, चालायला हळू, एक काम धरलं की दुसऱ्यावर जाता येत नाही.

आणि इथं करण्यासारखं काहीतरी आहे. अमेरिकेत स्प्रिंट नावाची मोठी चाचणी झाली, ९३६१ माणसं, अर्ध्यांचं वरचं बीपी १२० च्या खाली आणायचा प्रयत्न आणि अर्ध्यांचं १४० च्या खाली. २०१९ मध्ये निकाल आले, कडक बीपी ठेवलेल्यांत डिमेन्शियाच्या आधीची जी सौम्य पायरी असते ती १९ टक्के कमी. त्यातल्या ४४९ जणांचे एमआरआय सुरुवातीला आणि चारेक वर्षांनी काढले होते, पांढरे ठिपके कडक गटात ०.९२ घन सेंटीमीटरनं वाढले आणि दुसऱ्या गटात १.४५ नं. हां, कडक गटात मेंदूचं एकूण आकारमान किंचित जास्त कमी झालं हे पण आलं, लपवत नाही. त्यामुळं म्हाताऱ्या माणसाचं बीपी किती खाली आणायचं ते डॉक्टरच ठरवू देत, गोळी आपल्या मनानं वाढवू नका. पण निपाणीकडचे माझे एक मामा आहेत, दिवसभर तंबाखू मळणार, "बीपी १६० माझं नॉर्मलच आहे" म्हणणार, त्यांच्यासाठी हा परिच्छेद दोनदा वाचा.

हे संशोधन सगळं गोऱ्यांच्या मेंदूवर. आपल्याला लागू होतंय काय?

बरोबर शंका आहे. मेंदूच्या स्कॅनचा जगात सगळ्यात जास्त वापरला गेलेला डिमेन्शियाचा साठा म्हणजे ॲडनी, २००४ ला अमेरिका-कॅनडात सुरू झाला, आणि त्यातली बहुतेक माणसं गोरी, चांगली शिकलेली. कॉम्प्युटरनं मेंदू मोजताना तो एका नमुना-मेंदूशी जुळवतात, आणि जास्त चालणारा नमुना कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं १०० भारतीय तरुणांचे एमआरआय घेऊन आपला नमुना बनवला, तर तो लांबी, रुंदी, उंचीत पाश्चात्त्य आणि चिनी नमुन्यांपेक्षा लहान निघाला. लहान म्हणजे बुद्धी कमी असलं काही नाही, कृपा करून व्हॉट्सॲपवर तसं पाठवू नका. मोजपट्टी चुकीची लावली तर धडधाकट माणूस आजारी दिसतो, एवढाच मुद्दा.

आपल्याच कर्नाटकात मोठं काम चाललंय, हे इथं फार कुणाला माहीत नसतंय. बेंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत सेंटर फॉर ब्रेन रिसर्च आहे, ते कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूरच्या खेड्यांतल्या ४५ च्या पुढच्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करतात, एमआरआय, रक्त, चालणं, स्मरणाच्या चाचण्या, सगळं. दहा हजार माणसांचं लक्ष्य आहे. शहरातल्या लोकांचा वेगळा अभ्यास बेंगळूरला चालतो. आणि देशभर घरोघरी जाऊन केलेल्या लासी-डॅड या अभ्यासात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज निघाला, म्हणजे ८८ लाख माणसं. खेड्यात शहरापेक्षा जास्त, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. आमच्या भागात बहुतेक घरांत याला "म्हातारचळ लागलाय" म्हणून विषय संपवतात.

आम्ही घरी मराठी, बाहेर कानडी बोलतो. त्याचा मेंदूला फायदा होतो म्हणे?

या प्रश्नाला मी जास्त वेळ देणार, कारण सीमाभागात राहून हा सोडला तर काय उपयोग.

हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचे कागद तपासले, २०१३ मध्ये छापून आलं. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा डिमेन्शिया साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. आणि जे अजिबात शाळेत गेले नव्हते त्यांच्यातही फरक दिसला, म्हणजे हा शिक्षणाचाच परिणाम असं म्हणता येईना. त्याच्या आधी २०१२ मध्ये टोरांटोच्या लोकांनी उलट बाजूनं बघितलं होतं. अल्झायमरचे असे रुग्ण घेतले की ज्यांचं विसरणं साधारण सारखंच, आणि त्यांचे सिटी स्कॅन तपासले. दोन भाषावाल्यांचा मेंदू जास्त आकसलेला निघाला! म्हणजे मेंदूचं जास्त नुकसान होऊनसुद्धा ते तेवढंच काम रेटत होते. शास्त्रज्ञ याला राखीव साठा म्हणतात, आपल्या घरात कणगीत धान्य शिल्लक असतं तसं, पाऊस गेला तरी काही महिने चूल पेटते. सगळ्या देशांतल्या अभ्यासांत हे असंच आलेलं नाही, वाद आहेत. पण शनिवार खुटावर भाजीवालीशी कानडीत घासाघीस करून घरी मराठीत हिशोब सांगणारी आज्जी मेंदूला रोज तालमीत पाठवते, एवढं मला पटतं. भाषेवरनं इथं जे राजकारण झालं ते झालं, मेंदूला त्यातलं काही कळत नाही.

दुसरी बाजू पण आहे आणि ती मी डोळ्यांनी बघितलीय. एका आज्जीची स्मरणाची चाचणी कानडीत घेतली, कुठं ते सांगत नाही. आज्जी कानडी बोलतात, बाजारापुरतं. तारीख विचारली तर गप्प. गुण कमी पडले, कागदावर बरंच काही लिहून आलं. माझ्याकडं स्कॅनला आल्या तेव्हा मी मराठीत सहज विचारलं, आज्जी आज काय वार? तर म्हणाल्या, "संकष्टी न्हवं आज, म्हणून तर उपाशी आलोय, मंगळवारी आली म्हणजे अंगारकी." वार पण बरोबर, तिथी पण बरोबर. इंग्रजी तारीख त्यांनी आयुष्यात कधी वापरलीच नव्हती. तेव्हा चाचणीला बसायच्या आधी स्पष्ट सांगा, आज्जीची भाषा मराठी आहे, शाळा किती झालीय ते पण सांगा, आणि चष्मा आणि कानाचं मशीन न्यायला विसरू नका, नाहीतर न ऐकू आलेलं प्रश्नात चुकलं म्हणून धरलं जातंय.

मशीनमध्ये आज्जी घाबरेल. झोपेचं औषध देऊनच करता येईल काय?

आधी औषधाशिवाय करून बघा. म्हाताऱ्या माणसाला, त्यात गोंधळलेल्याला, झोपेचं औषध दिलं तर तो गोंधळ दोन दिवस वाढू शकतो. आमची पद्धत सांगतो. घरचं एक माणूस आत येऊ देतो, त्यानं पायाला हात लावून उभं राहायचं, धातू काढून अर्थातच. मशीन ठकठक करायला लागलं की माणूस दचकतो, म्हणून आधीच सांगतो, आज्जी, लोहाराकडं आल्यासारखा आवाज येईल, मधनं मधनं थांबेल, उठायचं नाही. कानडी आज्जी असल्या तर "अल्लाडबेडरी अज्जी", म्हणजे हलू नका आज्जी, एवढं मायकातनं दर दोन मिनिटांनी. हलल्या की फोटो पुसट येतो आणि परत काढावा लागतो. एक आज्जी आत पडल्या पडल्या हरिपाठ म्हणायला लागल्या, तोंड हलायचं, फोटो हलायचा. शेवटी त्यांच्या सुनेनं सांगितलं, आत्या, मनात म्हणा. मग झाला.

पोटभर जेवून, लघवी करून आणा, सकाळची वेळ मागून घ्या. दिवस मावळायला आला की अशा माणसांचा गोंधळ वाढतो.

दागिने काढायलाच पाहिजेत काय? सोनं तर चुंबकाला चिकटत नाही.

चिकटत नाही, पण फासात, मळसूत्रात काय धातू आहे ते सोनारालाच माहीत, आणि डोक्याजवळचा दागिना फोटोत काळा डाग पाडतो. नाकातली चमकी चाळीस वर्षं निघाली नसेल तर आदल्या दिवशी घरी तेल लावून काढा, माझ्या दारात ओढाताण नको. मंगळसूत्र काढायला आज्जी तयार नसल्या तर हळदीचा दोरा गळ्यात बांधून आणतात काही सुना, चालतंय. आज्जांचा करदोटा, दंडातला ताईत, कवळी, कानाचं मशीन, केसातली पिन, सगळं बाहेर. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं बसवलेलं यंत्र, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला, हे मात्र तोंडानं सांगायलाच पाहिजे, कार्ड असेल तर घेऊन या. मोतीबिंदूची लेन्स चालते.

नवीन इंजेक्शन आलंय म्हणे, मेंदूतलं साफ करणारं?

आलंय. लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनॅनेमॅबला २०२४ मध्ये. अमायलॉइड खरंच साफ होतं, पेटमध्ये आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला तर थक्क व्हायला होतंय. पण आज्जी परत पहिल्यासारखी होत नाही. लेकॅनेमॅबच्या १७९५ जणांच्या चाचणीत १८ महिन्यांत घसरण २७ टक्के हळू झाली, थांबली नाही. फक्त सुरुवातीच्या पायरीवरच देतात, आधी अमायलॉइड आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो म्हणून सुरुवातीला परत परत एमआरआय. म्हणजे आमच्यासारख्यांचं काम वाढणार. फोटो साफ होणं आणि माणूस सुधारणं या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते या औषधांनी दाखवून दिलं.

रक्ताच्या चाचणीवर होतंय म्हणे आता?

पी-टाऊ २१७ नावाचं टाऊचंच एक रूप रक्तात मोजतात, पेटशी बऱ्यापैकी जुळतं, अमेरिकेत २०२५ मध्ये अशा एका चाचणीला परवानगी मिळाली. तीही त्रास असलेल्या माणसासाठी, हौसेच्या चेकअप पॅकेजसाठी नाही.

चाललं की मेंदू वाढतो हे खरं काय?

२०११ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास गाजला, ५५ ते ८० वयाची १२० माणसं, अर्धी वर्षभर आठवड्यातनं तीनदा ४० मिनिटं झपाझप चालली, अर्ध्यांनी नुसते ताण देणारे व्यायाम केले. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस २ टक्के वाढला, दुसऱ्यांचा १.४ टक्के कमी झाला. पुढच्या सगळ्या अभ्यासांत इतकं स्वच्छ आलं नाही. पण बीपी, शुगर तर उतरतेच, तेव्हा चाला.

२०२४ मध्ये लॅन्सेटच्या समितीनं १४ कारणं मोजली, ती सगळी टाळता आली तर जगातले ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील असा अंदाज. त्यात बीपी, शुगर, तंबाखू, कोलेस्टेरॉल आहेतच, पण ऐकू न येणं आणि दिसू न येणं पण आहे. आमच्याकडं आज्जांना ऐकायला येत नाही म्हणून कुणी त्यांच्याशी बोलतच नाही, ते खाटेवर बसून राहतात, आणि वर्षभरानं लोक म्हणतात डोकं चालेना.

मी ४५ चा. आईला आहे म्हणून मी पण काढून ठेवू काय?

नको. बीपी तपासा.

स्कॅन नॉर्मल आला. म्हणजे आई नाटक करते?

हे वाक्य माझ्या दारात आईच्या समोर बोललं गेलंय, म्हणून राग येतो. सुरुवातीच्या पायरीवर एमआरआय बरेचदा वयाला धरूनच दिसतो. पेशींच्या जोडण्या आधी ढिल्या होतात, आकसणं मागून येतं. नैराश्यात पण माणूस विसरतो आणि स्कॅन स्वच्छ असतो, आणि त्यावर तर चांगले उपचार आहेत. नॉर्मल रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं परत जा, घरी जाऊ नका. इथं न्यूरॉलॉजिस्ट आहेत, मेंदूच्या आणि मनाच्या आजारांची मोठी हॉस्पिटलं म्हणजे धारवाडला डिमहान्स आहे, बेंगळूरला निमहान्स. घरचं माणूसच खचलं असेल तर फोनवर मदत मिळते, टेलिमानस १४४१६, ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७.

डॉक्टरांकडं जाताना काय न्यायचं?

चालू गोळ्यांची पिशवी सगळी, झोपेची आणि खोकल्याची पण. आज्जीसोबत रोज राहणारं माणूस, पुण्याहून आलेला मुलगा नाही. कधीपासून, पहिल्यांदा काय चुकलं, ते कागदावर. आणि जुना स्कॅन. आधीचा फोटो असला की वेग कळतो, वर बसचं सांगितलं तेच. फिल्म नसली तरी चालेल पण सीडी पाहिजे, त्यात सगळे फोटो असतात. हे मुद्दाम लिहायलोय कारण येळ्ळूरकडचे एक काका वडिलांची चार वर्षांपूर्वीची सीडी घेऊन आले, मला आनंद झाला, कॉम्प्युटरमध्ये घातली तर घरघर करून बंद. उलटी करून बघितली, सगळी चरे पडलेली, मधल्या भोकात सुतळी. म्हटलं काका हे काय? तर म्हणाले, "जोंधळ्यात पाखरं हाकलायला टांगली होती की. चमकते चांगली."